मुक्या कॅसेटमधला नाच : बेळगाव, कित्तूर, सौंदत्ती, चिंचली

दिवस पहिला : पुणे ते बेळगाव

आधी भानगड काय ती सांगते, नाहीतर ही बाई पाच दिवस कशाला वणवण फिरली असं वाटेल. मामाची साठी आलीये. मामेभावाने त्यासाठी मामाच्या लग्नाची १९९३ ची व्हीएचएस कॅसेट एका दुकानात देऊन पेनड्राइव्हवर करून घेतली. चित्र आलं, आवाज गेला. दुकानवाला म्हणे कॅसेटला बुरशी लागलेली, चित्र तरी मिळालं हे नशीब समजा. तर त्या कॅसेटमध्ये वरात एका देवळासमोर थांबते आणि ३८ सेकंद काही माणसं नाचताना दिसतात, पांढरे कपडे, डोक्याला फेटे, मधे ढोल, सगळं धुरकट पिवळं. भावाने काय शक्कल लढवली तर नेटवरून डोळ्ळू कुणिताचा, म्हणजे कर्नाटकातल्या ढोलाच्या नाचाचा, एक दणदणीत ट्रॅक उतरवला, त्या ३८ सेकंदांवर चिकटवला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला.

पाच मिनिटांत माझ्या आईचा मेसेज, "हा आवाज ह्या नाचाचा नाही. पाय जुळत नाहीत."

झालं, पेटलं. मामा म्हणे डोळ्ळूच आहे. आई म्हणे गजी आहे, धनगरांचा नाच, बाबांची नोकरी जतला होती तेव्हा मी दर यात्रेला बघितलीये. एका काकांनी लेझीम म्हणून ठोकून दिलं (लेझीम कुठे दिसली त्यांना देव जाणे, एकाच्याही हातात नाहीये), आणि एक वहिनी म्हणाल्या वीरगासे, कारण त्यांनी म्हैसूरचा दसरा बघितलाय आणि कर्नाटकातला दुसरा कुठला नाच त्यांना माहीत नाही. मला दिवाळीआधी पाच दिवस सुट्टी होती आणि बरेच दिवस आजोळी गेले नव्हते. म्हटलं चला, बघूनच येऊ.

प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. कागल गेलं, दूधगंगा गेली, कोगनोळीचा टोलनाका आला की पाट्या कन्नड होतात आणि शेजारच्या सीटवरच्या गप्पा मराठीच राहतात. निपाणीनंतर तवंदी घाटात ऊन उतरलं होतं, रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस. बेळगावच्या शहापूरला मामाच्या दारात पोचले तेव्हा दिवेलागण झालेली.

"आलीस व्हय? बस, आधी कुंदा खा," मामा म्हणाला, आणि मी चमचा तोंडात घालायच्या आत, "डोळ्ळूच हाय गं ते. मी नवरा होतो की तिथं, मला ठाऊक नाही व्हय?"

वरात मामीच्या माहेरची, रायबाग तालुक्यातल्या एका लहान गावची, देऊळ बिरोबाचं. म्हणजे खरा साक्षीदार घरातच. मामीला विचारलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मी नवरी गं बाई, मान खाली घालून बसलेली. मला काय दिसणार?"

मी गप्प. मग तव्यावर भाकरी टाकून तीच म्हणाली, "पाय दिसलेले तेवढे. अनवाणी. भंडाऱ्यानं पिवळे झालेले. आणि वरनं पांढरा घोळ यायचा न् जायचा, यायचा न् जायचा."

हे मी लगेच फोनमध्ये लिहून ठेवलं. आख्ख्या खानदानात नुसते पाय बघितलेला हा एकच माणूस.

दिवस दुसरा : कित्तूर

२३ ऑक्टोबर गाठायचा हे आधीच ठरवलेलं. १८२४ साली ह्याच तारखेला राणी चन्नम्माच्या सैन्याने कंपनी सरकारच्या फौजेला हरवलं आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्यात मारला गेला, म्हणून दरवर्षी ह्या दिवसापासून कित्तूर उत्सव असतो, आणि त्यात लोककलांची मोठी मिरवणूक निघते. मला लढाईत इंटरेस्ट आहे, नाही असं नाही, पडका वाडा बघून घेतला, पण खरं काम रस्त्यावर होतं. एका जागी उभं राहायचं, समोरून कर्नाटकातले निम्मे नाच आपोआप चालत येतात. ह्याहून सोयीचं काय?

सकाळी भावाच्या बाइकवरून निघालो, हायवेने तासाभरात कित्तूर. गर्दी, धूळ, ऊन नुसतं भाजून काढत होतं. एका रसवंतीच्या सावलीत जागा पकडली.

पहिल्यांदा आली करडी मजलू. मला इतकी वर्षं वाटायचं ह्याचा करडईशी काहीतरी संबंध असेल, पेरणीची गाणी वगैरे. तर कन्नडमध्ये करडी म्हणजे अस्वल! ढोलाचा आवाज अस्वलाच्या गुरगुरण्यासारखा येतो म्हणून ते नाव. सोबत सनई आणि झांजा. ह्यात नाच कमी आणि वाजवणं जास्त, वाजवणारेच ठेक्यावर मागेपुढे होतात. माझ्या क्लिपमध्ये सनईवाला नाही, म्हणजे हे बाद.

मग वीरगासे आणि त्यांच्या मागोमाग आमच्या भागातले पुरवंत. दोन्ही वीरभद्राचे, गोष्ट तीच, दक्षाच्या यज्ञाची. हे ओळखायला मला अर्धा सेकंद पुरला. भगवे-लाल कपडे, कपाळभर विभूती, गळ्यात रुद्राक्ष, वीरगासेवाल्यांच्या डोक्यामागे पांढऱ्या केसांची चवरी, हातात तलवार. पुरवंतांमधला एकजण मधेच थांबून मोठ्याने वडपू म्हणायला लागला, म्हणजे वीरभद्राच्या पराक्रमाची तालातली घोषणाच म्हणा. शेवटच्या शब्दाला वाद्यं एकदम कडाडतात आणि तलवार वर. अंगावर काटा आला खरंच. पण ह्या नाचात अंग पुढे झेपावतं, आता कुणाचंतरी मुंडकं उडवणार असं. कॅसेटमधली माणसं तशी अजिबात नाहीत, ती गोल गोल जातायत, कुणावर चाल करून जात नाहीयेत. वहिनी, सॉरी.

गोरव बघताना मी दोन मिनिटं माझं कामच विसरले. डोक्यावर अस्वलाच्या केसांची उंच टोपी, अंगात काळं घोंगडं, एका हातात डमरू. हे मैलारलिंगाचे. आणि मैलारलिंग म्हणजे आपला खंडोबाच की! म्हणजे जेजुरीला वाघ्या तसे तिकडे गोरव. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग भंडारा दोन्हीकडं पिवळाच कसा काय?" आता ह्यावर काय बोलणार.

आणि मग ज्याची वाट बघत होते तो आवाज आला. दिसायच्या आधी पोटात ऐकू येतो तो. डोळ्ळू!

दहा-बाराजण, प्रत्येकाच्या गळ्यातून पोटावर हा भलामोठा ढोल, एका हातात काठी, दुसरा हात उघडा. आणि गंमत म्हणजे ह्या पथकाचे कपडे हुबेहूब कॅसेटसारखे. पांढरं धोतर, पांढरा सदरा, फेटा. मी भावाचा दंड धरून ओरडले, "तेच! तेच आहे!" भाऊ खूश, मामाला व्हिडिओ कॉल लावला, मामा तिकडून "मी काय सांगत होतो" चालू. ग्रुपवर मी अंगठे टाकून मोकळी.

दहा मिनिटांनी दुसरं डोळ्ळू पथक आलं, कुठल्यातरी लांबच्या जिल्ह्यातलं. त्यांच्या अंगात वाघाच्या कातड्याच्या छापाचं कापड आणि पायात घुंगरं. पाठोपाठ तिसरं, सगळ्या पोरी, चटक निळ्या-लाल साड्या कासोट्याच्या. आणि माझी ट्यूब पेटली. नाच तिन्ही वेळा तोच, कपडे तीन तऱ्हेचे. मग कपड्यावरून मी काय ओळखलं डोंबल?

पहिल्या पथकातली पोरं पुढे जाऊन सावलीत पाणी पीत बसलेली. जाऊन माझ्या मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, तर त्यातल्या एकाने सरळ मराठीत उत्तर दिलं, "ताई, हा ड्रेस उत्सवासाठी शिवून घेतलाय. स्टेजवर एकसारखं दिसायला लागतंय न्हवं. गावात बिरप्पाच्या जत्रेत जो तो आपल्या अंगातल्या कपड्यात, वरनं कांबळं."

कांबळं म्हणजे घोंगडं. डोळ्ळू कुरुब समाजाचा, देव बिरप्पा. आपल्याकडे धनगर समाज आणि देव बिरोबा. नावं थोडी फिरली एवढंच. त्याने मला ढोल गळ्यात घालून बघायला दिला. घातला आणि मान खाली, कंबर पुढे, पाय जागचे हलेनात. तो हसायला लागला. "आता उडी मारा," म्हणाला. उडी? ह्याच्यासकट? ती पोरं ढोलासकट गिरक्या घेतात, बसतात, उठतात, मधेच एकमेकांच्या खांद्यावर चढून मनोरा करतात आणि तिथून वाजवतात, हात एकदाही चुकत नाही.

परत येताना बाइकवर मागे बसून ती क्लिप पुन्हा बघितली. पुन्हा. पुन्हा. कॅसेटमध्ये ढोल दोन की तीन, आणि ते मधे आहेत. नाचणाऱ्यांच्या गळ्यात ढोलच नाहीत!

ग्रुपवर टाकलेले अंगठे डिलीट केले, पण मामाने स्क्रीनशॉट काढून ठेवलेला.

दिवस तिसरा : सौंदत्ती

खरं सांगायचं तर सौंदत्तीचा तपासाशी संबंध नव्हता. मामी म्हणाली यल्लम्माला जाऊन ये, इतक्या लांबून आलीस. बेळगावातून साधारण पाऊणशे किलोमीटर. आधी जोगळभावीला पाय धुतले, मग डोंगर. पुनवेची गर्दी नव्हती तरी कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्या होत्याच.

देवळाच्या वाटेवर एक जोगती, म्हणजे यल्लम्माला वाहिलेली भक्तीण, भेटली. डोक्यावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली परडी, मोरपिसं, भंडारा, आणि हात न लावता ती चालत होती, वळत होती, वाकून दगडावर ठेवलेलं नाणं उचलत होती. सोबत एकजण चौंडकं वाजवत होता. चौंडकं कधी जवळून बघितलंय का? लाकडी नळा, एका तोंडाला कातडं, त्यातून तात ओढून घेतलेली, ती ताणत-सैल करत वाजवायची. आवाज असा की वाद्य वाजतंय की कुणी रडतंय कळू नये. मराठीत "उदं गं आई उदं", पुढच्याच घोळक्यात कन्नडमधून "उधो उधो". डोळे मिटले तर कोण कुठला ते कळत नाही.

इथे नाच ओळखायला कपड्याकडे बघायची गरजच नाही, मान बघायची. डोक्यावरचा जग पडता कामा नये म्हणून मान आणि खांदे स्थिर, सगळी हालचाल कमरेखाली आणि गुडघ्यात. मंजम्मा जोगतींना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा टीव्हीवर हाच नाच दाखवत होते आणि मी जेवता जेवता बघितला होता, तेव्हा मान वगैरे काही लक्षात आलं नव्हतं.

ह्या नाचामागे काय काय आहे तेही आठवत होतंच. देवदासी म्हणून मुली सोडायला कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी आली, त्याच्या आधी आणि नंतरही ज्या बायकांची आयुष्यं गेली त्यांच्यातल्या कुणीतरी ह्याच पायऱ्यांवर बसलेल्या असतील. जोगतीला पैसे दिले, फोटो काढू का विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

दिवस चौथा : गोकाक आणि रात्रीची शवचिकित्सा

गोकाकचा धबधबा बघितला, घटप्रभा तिथे ५२ मीटर खाली पडते. झुलत्या पुलापाशी सेल्फीवाल्यांची रांग, माकडं. करदंट घेतलं, दोन किलो. नाच वगैरे काही नाही, परत आलो. भावाला कंटाळा आलेला, मलाही.

रात्री मात्र मजा आली. लॅपटॉप डायनिंग टेबलावर, मी, भाऊ आणि मामी. मामा रुसून आत क्रिकेट बघत होता. ३८ सेकंद एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितले. भावाला म्हटलं आता कपडे विसर. मामी म्हणाली बरोबर आहे, त्या काळी यात्रेला प्रत्येक बापयगडी पांढऱ्यातच असायचा, माझा बाप पण, त्यावरून सगळेच नाचणारे म्हणशील.

मग काय दिसतंय ते लिहीत गेलो. ढोलवाले मधे. बाकीचे त्यांच्याभोवती गोल. प्रत्येकाच्या हातात काहीतरी फडफडतंय, आधी आम्हाला ते कॅसेटवरचे ओरखडे वाटत होते, पण ओरखडे हाताबरोबर वरखाली कसे होतील? चित्र मोठं केलं, लाल-हिरवं काहीतरी. रुमाल! दोन्ही हातात रुमाल. माणूस पुढे वाकतो, रुमाल खाली येतो, मग एक पाऊल आत, एक बाहेर, आणि गिरकी घेतली की अंगरख्याचा घेर छत्रीसारखा उघडतो. मामीचा "पांढरा घोळ" तो हाच.

"हे बघ," मामी अचानक म्हणाली आणि बोट स्क्रीनवर टेकवलं (पीठ लागलं). कडेला एक ढोलवाला. बाकीचे ढोलवाले जागेवर डुलतायत, हा मात्र ढोल पोटाशी धरून चक्क उडी मारतो. एकदा नाही, तीनदा.

म्हणजे पुन्हा घोळ. आतून मामाचा आवाज, "डोळ्ळू!"

दिवस पाचवा : चिंचली

मामीच म्हणाली चिंचलीला जा. माझ्या माहेराजवळच आहे ते, मायाक्काच्या देवळात वर्षभर धनगर येत असतात, सातारा सांगलीपासून. यात्रा माघात, पण माणसं कधीही भेटतील. मायाक्काला बिरोबाची बहीण मानतात, म्हणजे भावाच्या नाचाची चौकशी बहिणीच्या दारात.

सकाळची मिरजेकडे जाणारी पॅसेंजर धरली. सुळेभावी, पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा, रायबाग करत गाडी जाते. डब्यात शेंगा, काकड्या, दोन कोंबड्या आणि एक आजी, जी माझ्याशी मराठीत, समोरच्याशी कन्नडमध्ये आणि कोंबड्यांशी तिसऱ्याच कुठल्यातरी भाषेत बोलत होती. चिंचलीला उतरून रिक्षा.

दर्शन झालं. भंडाऱ्याचं दुकान होतं तिथे विचारलं, गजी खेळणारं कुणी भेटेल का हो? दुकानदाराने हळद चिकटलेल्या बोटाने लिंबाच्या झाडाखाली दाखवलं, "त्या म्हाताऱ्यास्नी इचारा. जत भागातलं हाईत, नवस फेडाया आल्यात."

आजोबा ऐंशीच्या घरातले असावेत. लाल पटका, खांद्यावर घोंगडं, शेजारी काठी. नमस्कार करून सांगितलं, लग्नातला व्हिडिओ आहे, आवाज नाही, नाच कुठला ते सांगाल का? ते म्हणाले दाव. पण दुपारचं ऊन, फोनच्या स्क्रीनमध्ये आमचीच तोंडं दिसत होती. ब्राइटनेस फुल्ल केला तरी तेच. मग आजोबांनी काही न बोलता घोंगडं काढलं आणि आमच्या दोघांच्या डोक्यावरून ओढून घेतलं.

आत अंधार, लोकरीचा वास, भंडाऱ्याचा वास, तंबाखूचा वास, आणि मधे तो चौकोनी उजेड. क्लिप सुरू झाली. संपली. त्यांनी परत लाव म्हणून बोटाने खूण केली. दुसऱ्यांदा संपल्यावर विचारलं,

"ढोल नाचतुया का मानूस नाचतुया?"

मला आधी कळलंच नाही. मग ते सांगायला लागले. तिकडल्या खेळात ज्याच्या गळ्यात ढोल तोच नाचतो, ढोलच नाचतो म्हण की. आमच्या गजीत ढोलवाला मधी हुबा, त्यानं जागा सोडायची न्हाई, खेळणारं गडी त्याच्याभवती. हातात रुमाल कशाला, तर हात मोकळं हाईत म्हणून. ज्याचं हात ढोलात गुतल्यालं त्यो रुमाल कशानं धरील?

एक दिवस कित्तूर, एक अख्खी रात्र फ्रेम सरकवण्यात, आणि हे म्हातारं माणूस घोंगड्याखाली दोन मिनिटांत. आईला तिथूनच मेसेज केला. आईचा रिप्लाय फक्त एक डॉट. विजयाचा डॉट.

"मग हा कोण?" म्हणून मी कडेचा उडी मारणारा ढोलवाला दाखवला. आजोबा इतके हसले की घोंगडं सरकलं आणि भस्सकन ऊन आत. "ह्यो कानडी मुलखातला गडी. पावना आला आसल यात्रेला. ढोल वाजवाय मिळाला, खरं पाय गप बसंनात त्याचं." बिरोबाच्या यात्रेत असं चालायचंच म्हणाले, इकडचे तिकडे वाजवतात, तिकडचे इकडे येतात. कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीच्या यात्रेला तर किती मुलखातले ढोल-कैताळ एका जागी येतात, भंडारा, खारीक, खोबरं, लोकर सगळं अंगावर. तिथे देवाचे मानकरी फरांडेबाबा तलवार घेऊन हेडाम खेळतात, म्हणजे तलवारीचा नाच, मग भाकणूक, म्हणजे भविष्यवाणी, होते. ते सांगताना आजोबांचा आवाज खाली आला आणि हात आपोआप जोडले गेले.

मग मी खरी विनंती केली. क्लिपला आवाज नाही, तुम्ही ठेका धरून दाखवाल का?

पुन्हा घोंगडं. ह्या वेळी मी दुसरा फोन, भावाने दिलेला, रेकॉर्डिंगला लावून त्यांच्या मांडीशी धरला. क्लिप सुरू झाली आणि त्यांनी पहिली दोन पावलं नुसती बघितली. मग उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर आपटायला लागली, डाव्या हाताचा तळवा मांडीवर, एक आवाज टणक, एक बसका. ते हाताकडे बघत नव्हते, स्क्रीनवरच्या पायांकडे बघत होते. पाऊल आत की टणक. गिरकी की बसका, लांबवलेला. पंधराव्या सेकंदाला क्लिपमधली माणसं जोरात फिरायला लागतात, तर आजोबांचा हात त्यांच्या एक क्षण आधीच जोरात झाला. म्हणजे कसं? त्यांना कळलं होतं आता लय वाढणार, कारण ढोलवाल्याने मान वर केली. ते मला नंतर त्यांनीच सांगितलं, मी ती मान पन्नास वेळा बघून मला दिसली नव्हती. शेवटी शेवटी बारीक आवाजात "सुंबरान मांडलं गा, सुंबरान मांडलं" असं सुरू झालं, दोन ओळी, आणि क्लिप संपल्याबरोबर थांबले. धाप लागलेली.

चहा पाजू का विचारलं तर म्हणाले उपास हाय, आणि वर मलाच खोबऱ्याचा तुकडा दिला.

संध्याकाळच्या गाडीला उशीर, तीही गच्च. शहापूरला पोचेस्तोवर नऊ वाजलेले. भावाने जेवायच्या आधीच लॅपटॉप उघडला, डोळ्ळूचा ट्रॅक काढला, गुडघ्याचा ठेका टाकला, दोनदा मागेपुढे करून जुळवला. आम्ही सगळे उभ्यानेच बघत होतो, मामासुद्धा, कमरेवर हात ठेवून, हरायची तयारी नसलेल्या चेहऱ्याने. वाजायला लागलं आणि पाय जुळले. लोकरीच्या खसखशीसकट, मधेच माझ्या खोकल्यासकट, पण जुळले.

"खरं तो कडेचा गडी डोळ्ळूवालाच हाय," मामा म्हणाला. आम्ही तेवढं त्याला देऊन टाकलं.

शेवटच्या तीन सेकंदांत कॅमेरा नाच सोडून वळतो आणि नवरीवर येतो. हे आम्ही इतक्या वेळा बघितलेलं की कुणी बघतच नव्हतं. मुंडावळ्या, खाली घातलेली मान, शालूचा काठ, आणि काठाखाली पाय. आवाज नसताना तो नुसता पाय होता. आता गुडघ्यावरचा ठेका चालू होता आणि शालूखालून जोडवं घातलेलं बोट वर जात होतं, खाली येत होतं, टणकला वर, बसक्याला खाली, एकदाही चुकत नव्हतं.

भावाने पॉज केलं. मामाने मामीकडे बघितलं.

"तू नाचत होतीस व्हय?"

"भाकऱ्या गार झाल्या," मामी म्हणाली आणि आत गेली.